सोमरीबाईंचं बोलणं मला कसं कळलं?

सोमरीबाईंवर अन्याय झाला. मंगळवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, नागपूरच्या एका सरकारी रुग्णालयात, बायकांच्या वॉर्डात. आणि केस पेपरवरचं अक्षर माझं आहे.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेलं घर आमचं. अंगात येणं, भास होणं याला नागपुरातल्याच बेसाच्या आमच्या घरात कधी थारा नव्हता. मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे.

सोमरीबाई गडचिरोलीकडच्या, फक्त गोंडी बोलायच्या. वॉर्डात दुभाषी नाही — सोबतच्या नातेवाईकाला विचारायचं आणि रकाना भरायचा, ही पद्धत. बाईंसोबत आलेल्या भाच्याचं मराठी एसटीच्या तिकिटापुरतं. मी विचारलं, "इंजेक्शनची ॲलर्जी नाही ना?" उत्तर प्रश्नातच घालून दिलेलं! ॲलर्जी म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. तो म्हणाला, "नाही." मी लिहिलं, नाही.

मग तो रिपोर्ट आणायला गेला. जाताना बाईंना लेकीसाठी निरोप रेकॉर्ड करायला फोन चालू करून दिला. तेवढ्यात सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या. बाई उठून बसल्या, माझ्याकडे बघून बोलल्या... आणि मला स्वच्छ ऐकू आलं, आमच्या घरच्या बोलीत —

"पोरी, हे सुई मले नको. मागच्या खेपेले माहा गळा मिटला होता. खाटेवर टाकून नेलं मले."

मी निवासी डॉक्टरांकडे धावले. "सर, त्या नाही म्हणून राहिल्या! गळा मिटला होता म्हणतात!"

"तुले गोंडी कधीपासून येऊन राहिली वं?" निवासी डॉक्टर म्हणाले.

"येत नाही, सर."

"मंग? कातडीत दिलेला टेस्ट डोस ठीक आहे तिचा. काहून टाइम खाऊन राहिली?"

सगळे हसले. मी बाजूला सरले. पुरावा काय देणार होते?

सिस्टरनी इंजेक्शन दिलं, आणि पाच मिनिटांत बाईंचा श्वास कोंडला. आम्ही सगळं केलं. भाचा रिपोर्ट घेऊन आला तेव्हा चादर तोंडावर ओढलेली होती.

आठ दिवसांनी भाच्याच्या फोनमधला तो निरोप, ज्यात बाईंचं माझ्याशी बोलणंही आलं होतं, गोंडी येणाऱ्या एका शिक्षकांना ऐकवला. त्यांनी मराठीत लिहून दिलं. सुई, गळा, खाट — तेच, त्याच क्रमाने. ते रेकॉर्डिंग मी शंभरदा ऐकलं असेल. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही. त्या सकाळी कसं कळलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

पण माझ्यासारखे मेडिकलचे विद्यार्थी असाल, तर उद्याच्या राउंडला सगळ्यांसमोर विचारा — या बाईची भाषा येणारा, त्यासाठी नेमलेला माणूस कुठे आहे? आणि तो येईपर्यंत पेन खाली ठेवा.