गुरुजींची दोन रिव्हॉल्व्हर

वरातीत नाचणारी घोडी दिसली की मला हे प्रकरण हटकून आठवतं. तेव्हा मी शहादा तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात आमच्या खबऱ्याचा फोन आला.

"साहेब, एक मास्तरजवळ दोन रिव्हॉल्व्हर शेतस. टपरीवर त्याना दोस्तार रोज त्याच गोष्टी करतस. लगीनसराईमा काहीतरी व्हई."

स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि साध्या वेशात गुरुजींच्या घरी गेलो. ते जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शाळा आणि घोडी, एवढंच त्यांचं जग. मी हळू आवाजात ओळख सांगितली. ते हसले आणि खुंटीवरची दोन्ही रिव्हॉल्व्हर आणून माझ्या पुढ्यात ठेवली.

"घोडीसाठी घेतली, साहेब."

ही थाप नव्हती. वरातीच्या घोड्याला फटाक्यांची सवय लावावी लागते. आमच्याकडचे शौकीन त्यासाठी टिकल्यांचं पिस्तूल वापरतात. आधी लांबून वाजवायचं, मग गूळ चारत रोज थोडं जवळ यायचं. गुरुजींची नवी घोडी फार बुजरी. तापीकाठच्या यात्रेतल्या घोडेबाजारात खोगीर बनवायला सांगायला गेले, तेव्हा साज विकणाऱ्या त्याच दुकानातून त्यांनी ही खेळण्यातली जोडी उचलली होती.

एवढ्यात गोमाई नदीच्या पात्रात घोडे फिरवून त्यांचे तीन मित्र आले. मी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे रोजची चेष्टा सुरू झाली.

"घोडी कोठे दचकस? गुर्जीच दचकतस!" एकजण म्हणाला.

दुसरा केळीचा बागायतदार, सगळ्यांत तोंडाळ. "दात दखीसन घोडी लिधी, मंग यासनं तोंड काबं नही दखं? एक तर वाजतबी नही!"

मलाही हसू आलं. घोडा घेताना तोंड उघडून दात बघायचे, हा इथला रिवाज. मी सहज दोन्ही रिव्हॉल्व्हरांची तोंडं पाहिली. एकाची नळी आतून भरीव होती, म्हणजे खेळणंच. दुसऱ्याची आरपार मोकळी. ते गावठी बनावटीचं खरं रिव्हॉल्व्हर होतं, सुदैवाने रिकामं.

मी ते सांगितलं तसं गुरुजींना पुढचं सगळं दिसलं. विनापरवाना शस्त्र बाळगलं म्हणजे अटक, आणि अटक झाली की निलंबन. नोकरी गेली असती आणि ज्या गावात मुलं त्यांच्या पाया पडत, तिथे मान वर करायची सोय उरली नसती.

पंचनामा करून सर्वांना ठाण्यात आणलं. माझे उपनिरीक्षक उतावीळ. "सर, मुद्देमाल समोर आहे. वाट कशाची बघायची?" मला अशा घाईची चीड आहे. अटक करणं सोपं असतं, झाल्यावर पुसता येत नाही. ताबा जाणूनबुजून होता का, हे कायदाही विचारतो. लपवायचं असेल तो माणूस शस्त्र खुंटीवर टांगून मित्रांची थट्टा कशाला ऐकून घेईल?

मित्रांचे जबाब वेगवेगळे घेतले. बागायतदार आता एकेक शब्द मोजून बोलत होते. त्यांच्याच चेष्टेमुळे पोलीस आले, हे त्यांना कळलं होतं. मी म्हटलं, "घाबरू नका. टपरीवर गुरुजींना जे जे बोलून हसलात, ते सगळं सांगा."

ते सांगत गेले. शेवटी म्हणाले, "आनं तो दुकानदार फोन करस, साहेब. न वाजनारा नग परत द्या, नवा लई जा. आम्ही म्हनूत, घोडाबजारमा इकेल जनावर कोन परत मांगस?"

मी त्यांना तिथेच थांबवलं. या बाजारात लंगडं जनावर गळ्यात मारलं तरी व्यापारी पुन्हा ओळख दाखवत नाही. आणि हा माणूस आपणहून फोन करत होता, तेही एकाच नगासाठी! खोगिराच्या निमित्ताने घेतलेला गुरुजींचा नंबर त्याच्याकडे होताच. वरिष्ठांना कळवून सापळा लावला. गुरुजींनी माझ्यासमोर फोन करून त्याला टपरीवर बोलावलं.

तो नवं खेळणं घेऊन आला. गुरुजींनी खरं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. त्यांनी धीर सोडला नाही. दुकानदाराने ते झटकन सदऱ्याखाली कमरेला खोचलं. खेळणं असं कुणी खोचत नाही. आम्ही तिथेच त्याला धरलं.

चौकशीत तो कबूल झाला. यात्रेत पोलिसांची फेरी आली म्हणून त्याने ते खेळण्यांच्या ढिगात दडवलं होतं. तो चहाला गेला आणि बायकोने खेळणं समजून विकून टाकलं. त्याच्याकडून पुढे शस्त्र पुरवणाऱ्यांचाही माग लागला. गुरुजी आरोपी झाले नाहीत, साक्षीदार झाले. दुसऱ्या दिवशी ते शाळेत वेळेवर हजर होते, हे मी मुद्दाम शाळेवरून गाडी नेऊन पाहिलं. मला फार बरं वाटलं.

नोकरीभर मी कानात कुजबुजलेल्या खबरा ऐकल्या. त्यांतल्या किती दुष्टाव्याच्या निघाल्या! माणूस खरा कसा आहे ते त्याच्या मित्रांच्या चेष्टेत उघडं पडतं, हे मी या प्रकरणात शिकलो. त्यानंतर संशयिताचा जबाब घेण्याआधी मी विचारू लागलो, "याला कुणी चिडवतं का?"

माझ्या निरोपाच्या दिवशी ही चौकडी घोडी सजवून ठाण्यासमोर हजर झाली. गुरुजी शाळेतून थेट आले होते, बोटांना खडू तसाच. कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. घोडी गूळ चघळत शांत उभी राहिली. मी मात्र दोन पावलं मागे सरलो.

"दखा, दखा!" बागायतदार ओरडले, "गुर्जी सुटनात, आते साहेब दचकनात!"

सगळ्यांत मोठ्याने गुरुजी हसले.