सरकारी क्वार्टरच्या रांगेतले काका

रांगेत उभं राहण्याचा मनापासून आनंद घेणारा माणूस या पृथ्वीवर एकच जन्माला आला, आणि तो माझ्या मित्राचा बाप निघाला. शिकागोजवळच्या आमच्या सबर्बात दुकानात दोन काउंटर उघडे असले तर काका हमखास लांब रांगेत उभे राहत. लहान रांगेकडे बोट दाखवलं तर म्हणत, "तिकडे लगेच नंबर लागेल रे. मग घरी जाऊन काय करू?" मागच्या माणसाच्या हातात दुधाचा एकच कॅन दिसला की त्याला पुढे पाठवायचे, त्याच्या मागच्यालाही पाठवायचे, आणि असं करत करत कधी कधी शेवटी जाऊन नव्याने सुरुवात करायचे. काकांबरोबर कोथिंबिरीची जुडी आणायला गेलेला माणूस दुपारच्या जेवणाला मुकायचा.

काका टपाल खात्यातले. बत्तीस वर्षं सॉर्टिंग आणि बटवडा. माणसाला नावाने ओळखण्याआधी ते पिन कोडने ओळखत. माझी त्यांची पहिली भेट झाली ती माझ्या मित्राच्या घरच्या गणपतीत. मी नागपूरचा म्हटल्यावर त्यांनी पिन विचारला. मी चाचरत चार चार शून्य शून्य एक शून्य म्हणालो, तसे खुलून म्हणाले, "धरमपेठ! वा! बसा." तेव्हापासून मी त्यांचा झालो. काकू भारतातच वारल्या होत्या आणि मुलाने बापाला आपल्याकडे आणलं होतं. मुलगा चांगला, सूनही चांगली. पण सकाळी सातला दोघं दोन गाड्यांतून निघून जात, नातू पिवळ्या बसमधून जाई, आणि मग संध्याकाळपर्यंत त्या रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नसे. काका अंगात मुलाचं जुनं जॅकेट घालून घरासमोरच्या टपालपेटीशी उभे राहत. एक वाजता टपालाची गाडी येई. उशीर झाला तर गाडीवरच्या पत्रवाल्या बाईंना काका घड्याळ दाखवत आणि मग खिशातून रव्याचा लाडू काढून देत. पेटीतून निघे काय, तर मुलाची बिलं आणि 'करंट रेसिडेंट' असा पत्ता घातलेल्या जाहिराती. बिलांना काका हात लावत नसत, जाहिराती मात्र चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचत. "आजोबा, इट्स जस्ट जंक मेल," नातू म्हणायचा. "असू दे. रेसिडेंटमध्ये मी पण येतो," काका सांगायचे. आम्ही सगळे हसायचो. तेव्हा मला त्यात हसण्यासारखंच वाटायचं.

त्यांनी शहरातल्या सरकारी घरासाठी अर्ज केला तेव्हा मित्र अक्षरशः डोकं धरून बसला. "बाबा, लोक काय म्हणतील? इथे पब्लिक हाउसिंग म्हणजे गरिबांची वस्ती, माहितीये का तुम्हाला?" काकांना कळेचना की यात लाजण्यासारखं काय आहे. ते जन्मभर टपाल खात्याच्या क्वार्टरमध्ये राहिलेले. सरकारी क्वार्टर मिळणं म्हणजे त्यांच्या लेखी बढतीच. "म्हाताऱ्यांसाठी वेगळी बिल्डिंग आहे, खाली दुकान आहे, समोर बस आहे, आणि लॉबीत पेट्या आहेत, एकेका माणसाची एकेक. माझ्या नावाची पेटी आणि माझं दार, एवढंच पाहिजे. तुझ्यावर राग नाही रे बाळा," ते मुलाला म्हणाले. घरवाटपाच्या ऑफिसात त्यांना कुणीतरी सांगितलं की भाड्याच्या व्हाउचरचीही यादी असते, हवं तर तिथेही नाव घाला, मग कुठेही भाड्याने राहा, भाड्यातला बराच हिस्सा सरकार भरेल. काकांनी ते कूपन झटकून टाकलं. घरमालक ही जमात त्यांना नको होती.

मग सुरू झाली ती सहा वर्षांची रांग. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी काका पांढरा शर्ट घालून ट्रेनने शहरातल्या त्या ऑफिसात जात. पत्र घरी येईल, तुम्ही येऊ नका, असं ते लोक दर वेळी सांगत, आणि दर वेळी काका जात. मी बेंचवर होतो, म्हणजे कंपनीने प्रोजेक्ट नाही म्हणून घरी बसवलं होतं, त्या महिन्यांत मीही त्यांच्याबरोबर जायचो. घरी एकट्याने भिंतीकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं होतं. काका खिडकीशी अर्जाच्या पावतीचा नंबर खणखणीत आवाजात म्हणत, आणि आतली बाई म्हणे, "स्टिल वेटिंग, डियर." काका समाधानाने मागे वळत. रांगेतल्या आज्या त्यांना ओळखत. कुणाचा गुडघा, कुणाचा मुलगा तुरुंगात, सगळं काकांना ठाऊक. आठवडाभर न बोललेला माणूस तिथे तासभर बोलून घेई. मला वाटतं, त्यांचं खरं घर ती रांगच होती.

एका रविवारी मी गेलो तर काका खुशीत होते. "गंमत ऐक. आमच्या वडिलांना अमेरिकेत पत्र आलं!"

"कुणाचं?"

"काय माहीत. कोपऱ्यात नुसता पोस्ट बॉक्सचा नंबर. वर पत्ता आपला आणि नाव मिस्टर त्र्यंबक. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली! मी आपला नियमाप्रमाणे शेरा मारला, अ‍ॅड्रेसी एक्स्पायर्ड, रिटर्न टु सेंडर. सही करून पत्रवाल्या बाईंकडे दिलं. महिना झाला असेल."

"उघडलं नाहीत?"

"दुसऱ्याचं पत्र?" काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला होता.

मला घराच्या अर्जाची शंका आली. मी पावती मागितली. प्लास्टिकच्या पिशवीत ती अशी दुमडून ठेवलेली, की फक्त नंबर दिसावा. मी उलगडली. शाळेच्या दाखल्यावर असतं तसं आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं, या क्रमाने काकांनी फॉर्मच्या तीन चौकटी भरल्या होत्या. फर्स्ट म्हणजे पहिलं आणि लास्ट म्हणजे शेवटचं, यात त्यांचं चुकलं कुठे? पण इथे लास्ट म्हणजे आडनाव, म्हणून ऑफिसच्या लेखी ते मिस्टर त्र्यंबक झाले. सहा वर्षं त्या यादीत त्यांचे वडील उभे होते.

सोमवारी आम्ही दोघं गेलो. बाईंनी फाईल काढली आणि वाचून दाखवली. सातव्या मजल्यावरची एक खोली आणि स्वयंपाकघर देऊ केलं होतं. पत्र 'मयत' म्हणून परत आलं, नाव काढलं, खोली पुढच्या माणसाला गेली. यादी आता बंद होती. मी तावातावाने बोलू लागलो, अपील, सुनावणी, काय काय. काकांनी माझा दंड धरला.

"तिचं बरोबर आहे. सहीनिशी शेरा आहे आणि सही माझी आहे. तिथे कुणी राहायला आलं असेल, त्याला उठवायचं का?" मग त्यांनी ते पाकीट बघायला मागितलं. बराच वेळ पाहिलं. "अक्षर अजून बरं आहे," म्हणाले आणि परत दिलं.

परतीच्या ट्रेनमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. दोन-तीन स्टेशनं गेल्यावर म्हणाले, "आमचे वडील जन्मभर भाडेकरू. घरमालक दारात उभा राहून ओरडायचा आणि ते मान खाली घालून ऐकायचे. शेवटी त्यांना क्वार्टर मिळालं बघ, तेही अमेरिकेत. आणि पोरानं परत पाठवलं." ते हसले. मला हसता आलं नाही.

पुढच्या वर्षी यादी आठवड्यापुरती उघडली तेव्हा मी फॉर्म घेऊन गेलो. काकांनी चष्मा लावला, तिन्ही चौकटींवर बोट फिरवलं, "आडनाव शेवटी," असं स्वतःशीच म्हणाले आणि फॉर्म घडी घालून माझ्या हातात दिला. "आणखी सहा वर्षं? नको रे. एवढी सर्व्हिस आता शिल्लक नाही माझी."

त्यांनी नको म्हटलं आणि मी ते ऐकलं. मला तेव्हा नोकरी होती, घाई होती. काकांशेजारी बसून तो फॉर्म भरून घ्यायला मला अर्धा तास लागला असता, आणि महिन्यातला तो रांगेतला एक सोमवार तरी त्यांना परत मिळाला असता.