चौथा शेंगदाणा

महाराष्ट्र राज्य तेव्हा नवंच होतं. गणितात नापास होऊन मी पुन्हा मॅट्रिकच्या परीक्षेला निघाले होते. नांदुऱ्याच्या फलाटावर बाबा तिकिटाच्या रांगेत होते. मी मांडीवर आलेखाचा कागद घेऊन बसले होते. तीन बिंदू दिलेले, समांतरभुज चौकोनाचा चौथा शोधायचा.

शेजारी एक धोतरवाले गृहस्थ शेंगदाण्यांची सालं फुंकून उडवत होते. त्यांनी माझ्या तीन बिंदूंवर तीन दाणे ठेवले आणि चौथा मला दिला. मी ठेवला. त्यांनी तो उचलून दुसरीकडे ठेवला, मग तिसरीकडे. प्रत्येक वेळी चौकोन बरोबरच! मला रागच आला. गणितात उत्तर एकच असतं, एवढाच तर माझा भरवसा होता.

“कोन्ता बिंदू कोन्त्याच्या शेजारी, हे सांगतल्याबिगर जागा एकच कशी राहीन?” ते म्हणाले. मी पुन्हा परीक्षेला निघालेय हे ऐकून मग विचारलं, “यंदा नापास झाली तं?”

“लग्न लावून देतीन.”

“अन् पास झाली तं?”

घरात हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

गाडी आली. तीन दाणे त्यांनी तोंडात टाकले. चौथा माझ्या तळहातावर ठेवला.

“हा तूच ठेव, पोरी. जागा पाहून.”

बाबा हाका मारत होते. डब्यात खिडकीशी बसल्यावरही मी मूठ उघडली नाही.