अण्णांच्या पोटातल्या लाटा

माझी इंजिनिअरिंगची पदवी मला वडिलांच्या पोटामुळे मिळाली.

शेवटच्या वर्षाला मी एक यंत्र बनवलं होतं. पोटावर चिकटपट्ट्या लावायच्या, वायरी लॅपटॉपला जोडायच्या, की जठरातल्या विजेच्या मंद लाटा स्क्रीनवर दिसतात. सुई नाही, नळी नाही. माणूस फक्त उपाशी आणि निपचित हवा. आमच्या लवळ्याच्या हॉस्टेलात असा माणूस मिळेना! (उपाशी म्हणून आलेल्या मित्राच्या मिशीला वडापावची चटणी होती.) शेवटी परीक्षेच्या दिवशी माले गावाहून अण्णांनाच बोलावलं.

"अण्णा, अजिबात हलायचं नाही. हललात तर मी नापास."

"दगडावानी पडतो. तू घाबरू नगंस."

अण्णा पडद्याआड कॉटवर आडवे झाले, मी अलीकडे लॅपटॉपपाशी. लाटा सुरेख येऊ लागल्या. एवढ्यात आमचे सर आले. मी "या सर" म्हणालो आणि स्क्रीनवर हा डोंगर! मग मॅडम आल्या. "या मॅडम." आणखी एक डोंगर! चहावाले मामा आले, तेव्हाही! बाहेरचे परीक्षक आले तेव्हा तर अख्खा सह्याद्री!

"हे काय?" परीक्षकांनी विचारलं.

"जठराचं आकुंचन, सर!" मी छाती फुगवून म्हणालो. "इतकं जोरदार क्वचितच दिसतं!"

परीक्षकांनी पडदा सारला. अण्णा कॉटवर ताठ बसलेले, हात जोडून, पोटावर वायरी लोंबताहेत!

"अण्णा! हलू नका म्हटलं होतं ना!"

"आरं, मास्तर दारात आन् मी लोळत पडू व्हय? त्यांनी शिकिवलंय तुला!"

माझे कान तापले. परीक्षक मात्र स्टूल ओढून अण्णांशेजारी बसले.

"अण्णा, नमस्कार पोचला. आता तुम्ही पडा. मी हलत नाही."

आणि तो भला माणूस रेकॉर्डिंग संपेपर्यंत खरंच तिथं बसून राहिला. अण्णांच्या पोटातल्या लाटा संथ, एकसारख्या उमटल्या. मी त्या घाईनं सेव्ह केल्या.

"पास," म्हणत परीक्षक उठले.

मला इतकं भरून आलं, की मी त्यांच्या पाया पडायला धावलो. वायरीत पाय अडकला आणि साऱ्या पट्ट्या अण्णांच्या पोटावरच्या केसांसकट निघाल्या!

"आयाया! मेलो!"

"फार दुखलं का?" परीक्षक धावले.

"दुखंना का," अण्णा डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाले, "पोरगं पास झालं न्हवं? आता निकाल तेवढा बदलू नगा, सायेब!"

निकाल बदलला नाही. परीक्षकांनी फक्त आमच्या घराण्यातल्या पहिल्या पदवीधराच्या, म्हणजे माझ्या, खांद्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, "यंत्र अगदी निर्धोक आहे. तू तेवढा त्याच्यापासून लांब राहा."