पाचवा ट्रम्पेट

गोंदियातल्या माझ्या खोलीत मी तेव्हा जुन्या कॉम्प्युटरवर हेवी मेटलचं गाणं बनवत होतो. गिटारी राइस मिलसारख्या धडधडत होत्या आणि त्यांच्यामागे मला भरगच्च ऑर्केस्ट्रा हवा होता. कॉम्प्युटरमधले ट्रम्पेट प्लॅस्टिकचे वाटायचे, म्हणून अर्जुनी मोरगावच्या लग्नाच्या बँडमधला एक वादक बोलावला. नाव विचारायचं राहूनच गेलं.

"काका, एकदाच वाजवा. मी त्याच्या पाच कॉपी करतो," मी म्हटलं.

"कायले? पाची जण मीच वाजवतो ना!"

दरवेळी तो माइकपासून एक पाऊल मागे सरकायचा आणि वेगळाच माणूस व्हायचा. एक ताठ मानेचा, एक गाल फुगवणारा, एक सदा घाईतला. मी हेडफोन दाबून ऐकलं. खोलीत अख्खा बँड उभा होता.

पाचवा मात्र प्रत्येक सुराला जरा उशिरा पोचत होता. मी माउसने ते सूर ओढून तालात बसवायला लागलो, तसा त्याने माझा हात धरला.

"त्याले सरळ नोको करू. माहा बाप असाच वाजवे, सगळ्यायच्या मागून."

गाण्याच्या शेवटी साऱ्या गिटारी एकदम थांबतात. त्यानंतर क्षणभराने काकांचा म्हातारा बाप पोचतो.