मंगळवारच्या बाई

बाई समोर आल्या की आधी स्वतःचं तोंड झाकत. हातातली वही ओठांपुढे धरायची आणि वहीआडून म्हणायचं, आ, ई, ऊ, म, स, श. आरतीनं ते जसंच्या तसं परत म्हणायचं. पोरीनं ओठ बघून वेळ मारून नेऊ नये, म्हणून ही वही. एखादा 'स' हुकला तरी बाईंच्या कपाळाला आठी पडे.

आरतीला ऐकू येत नव्हतं. ऑपरेशन करून तिच्या कानात मशीन बसवलं होतं. बोरीच्या आमच्या शाळेतलं असं ते पहिलंच लेकरू. तिच्यासाठी विशेष शिक्षिका म्हणून बाई दर मंगळवारी परभणीहून एसटीनं येत. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या गळ्यात एक छोटा माईक अडकवला आणि तोंडापासून वीतभर अंतर मोजलं. म्हणाल्या, "सर, तिला जवळचं ऐकू येतं. पण वर्गात पंखा, बाकं, पोरं, सगळं एकात एक मिसळतं. यातून तुमचा आवाज थेट तिच्या कानात जातो. दिवा हिरवा पाहिजे, एवढंच बघा."

एवढंच बघायचं होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी माईक गळ्यात तसाच ठेवून मी शेजारच्या ऑफिसात चहाला गेलो. कुणीतरी विचारलं, काय म्हणती तुमची मशीनवाली? मी म्हणालो, "ती कुठं शिकायली? बसवायचं म्हणून बसवलंय." वर्गात परतलो तर आरती उभीच होती. "मी शिकायले की, सर," म्हणाली.

मी बटण बंद केलं. लाजेनं केलं, हे खरं. उद्या सुरू करू म्हटलं. उद्या राहिलं, मग रोजच राहिलं. माईक गळ्यात मात्र असायचा. आरतीनं एकदोनदा त्याच्याकडे बोट केलं. मी "हो, हो" करून फळ्याकडे वळलो. मंगळवारी तेवढा दिवा हिरवा.

"मंगळवारी येतं ते बुधवारी जातं कुठं?" बाई वैतागून विचारत. त्यांच्यासमोर पोरगी मागच्या बाकावरून सगळं अचूक सांगायची. तिच्या वहीतले बाकीचे दिवस मात्र अर्धेमुर्धे. ऐन कापूस वेचणीत त्यांनी मायलेकींना मशीन तपासायला दोनदा संभाजीनगरला धाडलं. मशीन चांगलं निघालं. बाई परतीची एसटी सोडून वही चाळत बसत आणि कारण मलाच विचारत. मीही विचार करत असल्यासारखा बसे.

शेवटी त्यांनी आरतीच्या आईला माझ्यासमोर सुनावलं. घरी तुम्ही लेकराशी बोलतच नसाल, म्हणाल्या. "बोलते की, मॅडम. कापूस येचतानी बी बोलते, भाकरी करतानी बी," आई खाली बघत म्हणाली. "आजून बोलीन." मी तिथंच उभा होतो, गळ्यात माईक घालून.

मार्चात एका गुरुवारी बाई न कळवता आल्या. आरतीशेजारी बसल्या आणि मला चालू द्या म्हणून खुणावलं. मी फळ्याकडे तोंड करून शुद्धलेखनाचं वाक्य सांगितलं. आरती शेजारणीच्या वहीत बघायला लागली. बाई उठल्या, माझ्याजवळ आल्या, माईक उलटा करून पाहिला. दिवा नव्हता. आता पोरांदेखत माझी खरडपट्टी काढतात, असं मला वाटलं. त्या हळूच म्हणाल्या, "सर, मी त्या माउलीला बोलले हो."

बटण त्यांनीच दाबलं. जाताना दारात थांबल्या. आरतीच्या आईची माफी मागायला चालल्या होत्या. "दोष मशीनचाच होता, असं सांगते तिला," म्हणाल्या. "लेकराला अजून तुमच्याच वर्गात बसायचंय."

जूनपासून बाईंना दुसरा तालुका मिळाला. पुढं दोन वर्षं आरती माझ्याकडे होती. दिवा बघितल्याशिवाय मी एकही दिवस तोंड उघडलं नाही. पण वाया गेलेलं वर्ष काही तिच्या हाती आलं नाही.

परवा बाजारात तिची आई भेटली. "गुरुजी, तवा मशीनच बिघडलं होतं म्हणं," ती म्हणाली. "मी उगंच किती दिवस मलाच दोष देत होते."

मी "हो" म्हणालो.

मशीन एकही दिवस बिघडलं नव्हतं.