भिंगरी नाना आणि बावीस वासे

नानांना कुणी बसलेलं पाहिलं नाही. जेवायचे उभ्याने, पेपर वाचायचे चालत, आणि चहावाल्याला कप हातात घेऊन त्यांच्यामागे पौडच्या स्टँडपासून पार भुकूमपर्यंत धावावं लागे. यात माझी भर चार आण्यांची, बाकी सगळं खरं. सरकारी बांधकाम खात्यात मिस्त्री म्हणून जन्म काढलेला माणूस. अख्खा मुळशी तालुका त्यांना भिंगरी नाना म्हणायचा.

रिटायर झाल्यावर नानांना नवाच धंदा लागला, तोही फुकटचा. सरकारी इमारतीच्या दुरुस्तीत ठरल्यापेक्षा वेगळं काम निघायचं, ठेकेदार ते करून बसायचा, बिल अडायचं, की दोन्हीकडून नानांना बोलावणं. ऑफिसात ते मिटवायचेच नाहीत. "खुर्चीत बसलं की मानसाला आपलंच खरं वाटाया लागतंय," म्हणायचे, आणि दोघांना कामावर न्यायचे.

मीही असलाच एक ठेकेदार. माझं प्रकरण ताम्हिणीकडच्या सरकारी दवाखान्याचं. ठरलं होतं पत्रे बदलणं आणि आतून नवं सिलिंग. जुने पत्रे काढले तर खालचे वासे वाळवीने असे खाल्लेले, की शिंकलो असतो तर दवाखाना थेट कोकणात उतरला असता. खात्याचे तेव्हाचे साहेब फोनवर म्हणाले, "बदलून टाका, कागदाचं नंतर बघू." मी बदलले. पाऊस तोंडावर म्हणून घाईने सिलिंगही ठोकलं. साहेबांनी वाशांची मापं घ्यायची राहिली. साहेबांची बदली झाली.

नव्या मॅडमनी बिल वाचलं. "बावीस वासे? मला एकही दिसत नाही. न दिसणाऱ्या कामावर सही करू? खोटं बिल म्हणून वर कळवते." तसं झालं असतं, तर माझं नाव काळ्या यादीत आणि मी म्हशी वळायला मोकळा.

नाना आले. आल्या आल्या दवाखान्याला तीन फेऱ्या मारल्या आणि माझ्या हातात हातोडा दिला.

"फोड."

"नाना, नवंकोरं सिलिंग आहे हो!"

"मंग? झाकताना कुनाला इचारलंतं? तूच झाकलं, तूच फोड."

फोडलं. मॅडम स्वतः शिडीवर चढल्या. खाली नाना येरझाऱ्या घालतायत, मी घाम पुसतोय.

"एकोणीस," मॅडम वरून म्हणाल्या.

मी म्हटलं, "पलीकडे भिंतीत वगैरे असतील..."

"तीन वासे तुज्या तोंडात हायेत," नाना म्हणाले. "तितं टेप जात न्हाई."

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. तेव्हा नाना शिडीखाली गेले. "मॅडम, ह्यो लबाड हाय, व्हय. पर एकोनीस तर हायेत? हात लावून बगितल्यात तुमी. त्यांच्याखाली पेशंट बसनार हाय. तेवढ्याचं माप घ्या. ह्याला काय बोलायचं ते मी बोलतो."

मॅडम शिडीवरून खाली उतरल्या. मग माझ्याकडून लिहून घेतलं, माझ्याच हाताने: बावीस चुकीचे, एकोणीस खरे, सिलिंग स्वखर्चाने. मी कोंबडीच्या पायाच्या अक्षरात लिहिलं. मॅडमनी एकोणीस वाशांवर सही केली.

परतताना जीपमध्ये, तिथे मात्र नानांना बसावंच लागलं, मी विचारलं, "नाना, तुम्हाला आधीच संशय होता?"

"मोजल्याबगर मी कुनाबद्दल काय म्हनत न्हाई," नाना खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तुज्याबद्दल आज मोजलं."



गेल्या वर्षी नाना गेले. परवा एका शाळेच्या छताचे वासे बदलले आणि सिलिंग ठोकायच्या आधी मॅडमना फोन केला. "पंधरा आहेत. उघडेच ठेवलेत, या."

मॅडम आल्या. "पंधराच ना?"

"पंधराच, मॅडम."

तरी त्या शिडी चढल्याच. मी खाली शिडी धरून उभा राहिलो, आणि त्या मोजत असताना एक अक्षर बोललो नाही.